हजेरीला अडतो, पाढ्यांना अडत नाही

माझ्या मावसबहिणीचा मुलगा दुसरीत आहे. शाळा सुरू झाल्यापासून रोज सकाळी त्याचं पोट दुखायचं. डॉक्टरांना पोटात काही सापडलं नाही. दुखणं हजेरीचं होतं. बाईंनी नाव घेतलं की ‘उपस्थित’ म्हणायचं, आणि त्यातला ‘उ’च बाहेर पडत नाही. मान ताठ होते, डोळे मिटतात. मागच्या बाकावरून ‘उ-उ-उ’ सुरू होतं आणि मधल्या सुट्टीत तेच त्याचं नाव होतं. बहीण रडवेली होऊन म्हणाली, “ताई, घरी आजोबांबरोबर पाढे म्हणताना हा एकदाही अडत नाही गं. मुद्दाम करतो का?”

मुद्दाम नाही. उलट तोतरेपणाच्या विज्ञानातली मला सगळ्यात सुंदर वाटणारी गोष्ट तिने नकळत सांगितली होती.

‘र’ला ‘ल’ म्हणणं हे बोबडेपण. तोतरेपणा वेगळा. इथे मुलाला शब्द पक्का माहीत असतो, तोंडात तयारही असतो, पण सुटत नाही. साधारण २ ते ५ वर्षांच्या वयात १००पैकी सुमारे ५ मुलांत हे दिसतं. बहुतेकांचं आपोआप जातं, मोठेपणी साधारण १ टक्का लोकांत उरतं. घराण्यातूनही येतं. २०१० साली अमेरिकेत डेनिस ड्रेना यांच्या गटाने पाकिस्तानी कुटुंबांचा अभ्यास करून याच्याशी जोडलेलं जीएनपीटीएबी हे जनुक शोधलं. तेव्हा आई रागावली म्हणून मूल तोतरं झालं, हे मनातून काढून टाका.

आता पाढ्यांकडे येऊ. बोलताना आपण सेकंदाला दहा-पंधरा ध्वनी काढतो. ओठ, जीभ, स्वरयंत्र, श्वास यांचे स्नायू नेमक्या क्षणी हलावे लागतात. ‘आता हा ध्वनी संपव, पुढचा सुरू कर’ हा इशारा मेंदूच्या खोल भागातली बेसल गँग्लिया ही केंद्रं मेंदूच्या मध्यरेषेजवळच्या, हालचालींची जुळणी करणाऱ्या पूरक प्रेरक क्षेत्राला देतात. हा आतला ताल. तोतरेपणात हाच इशारा वेळेवर पोहोचत नाही, असं आजचं एक महत्त्वाचं मत आहे. पण ताल बाहेरून मिळाला, म्हणजे आजोबांचा आवाज, टाळ्या, घड्याळाची टिकटिक, तर मेंदू ऐकण्याशी जोडलेली दुसरी वाट धरतो आणि शब्द सुटतो. कंपवाताच्या रुग्णाचं पाऊल जमिनीला खिळतं, पण फरशीवर आडव्या पट्ट्या आखल्या की तो चालू लागतो. तशातलंच हे. १९९६मध्ये टेक्सासमधल्या पीटर फॉक्स यांच्या गटाने तोतऱ्या माणसांच्या मेंदूची पेट-चित्रं (मेंदूचा कुठला भाग कामात आहे हे दाखवणारी स्कॅन) घेतली. एकट्याने वाचताना डाव्या बाजूची ऐकण्याची क्षेत्रं मंदावलेली होती. दुसऱ्याच्या सुरात सूर मिसळून तोच उतारा वाचताना ती जागी झाली आणि अडखळणं थांबलं.

म्हणून जिभेवर वेखंड उगाळून किंवा चिमणीचं उष्टं पाणी पाजून काही होत नाही. दोष जिभेत नाहीच. १८४१मध्ये बर्लिनच्या डीफेनबाख या नामांकित शल्यविशारदाने तोतऱ्या रुग्णांच्या जिभेच्या मुळाशी काप घेतले होते, तेही भूल न देता. सात दिवसांत हमखास बरं करणाऱ्या जाहिरातींवर पैसे घालवू नका. वाचा-उपचारतज्ज्ञांकडे जा; मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे.

चिडवणं मात्र उपचार संपण्याची वाट बघत नाही. इस्राएलमध्ये तीन ते सात वर्षांच्या मुलांना दोन सारख्याच बाहुल्यांची चित्रफीत दाखवली, त्यातली एक अडखळत बोलणारी. चार वर्षांच्या मुलांतच तिच्याबद्दल नापसंती दिसू लागली. म्हणजे शाळेत पाऊल टाकेपर्यंत वर्गाचं मत तयार असतं, आणि बोलायचं वर्गाशीच आहे. ‘सावकाश बोल, श्वास घे’ असं मुलाला बजावून त्याची धास्ती तेवढी वाढते.

बहीण बाईंना भेटली. बाईंनी मुलांना साध्या शब्दांत सांगितलं, की त्याला शब्द येतो, फक्त निघायला वेळ लागतो, आपण थांबायचं. आणि हजेरी बाकाप्रमाणे सुरू केली. एका बाकावरची दोघं एकदम ‘उपस्थित’ म्हणतात. पहिल्याच दिवशी ‘उ’ सुटला.

मागच्या बाकावरचे आवाज यायला अजून येतात, पण कमी. परवा त्याने एकट्याने उभं राहून अर्धं पान वाचलं, चारदा अडखळला. शेजारचा मुलगा तोवर त्याच्या ओळीवर बोट ठेवून बसला होता.