मर्डरवर्ल्ड : पिनबॉलच्या यंत्रातून घडलेला सापळा

मार्व्हल कॉमिक्समधील ‘मर्डरवर्ल्ड’ हा सापळा वाचकांनी प्रथम पाहिला तो १९७८ च्या आरंभी, ‘मार्व्हल टीम-अप’ या मालिकेच्या ६५ आणि ६६ क्रमांकांच्या अंकांत. लेखक क्रिस क्लेअरमाँट आणि चित्रकार जॉन बर्न या दोघांचाही जन्म इंग्लंडमधला, आणि या कथेत स्पायडर-मॅनच्या जोडीला सापळ्यात सापडतो तोही कॅप्टन ब्रिटन हा इंग्लिश नायकच. न्यूयॉर्कमध्ये शिकायला आलेल्या या नायकाला संपवण्याची सुपारी आर्केड नावाच्या भाडोत्री मारेकऱ्याला मिळते. तांबडे केस, पांढरा सूट आणि बो-टाय अशा वेशातल्या या माणसाच्या अंगी कोणतीही अद्भुत शक्ती नाही. एका खुनाचे तो दहा लाख डॉलर घेतो, पण त्याच्या मते एवढ्यात यंत्रांचा खर्च जेमतेम भागतो. त्याला खरी गोडी असते ती सावजाला आपल्या यंत्रांत खेळवण्याची.

हे यंत्र म्हणजे मनोरंजन उद्यानाच्या धर्तीवर उभारलेले एक गुप्त संकुल. पिनबॉल म्हणजे उतरत्या पेटीत चेंडू उसळत ठेवून गुण मिळवण्याचा, नाणे टाकून खेळायचा खेळ. नायकांना पारदर्शक गोळ्यांत कोंडून इमारतीएवढ्या पिनबॉल यंत्रात सोडले जाते आणि आर्केड नियंत्रण कक्षात बसून खटके दाबत ती झुंज पाहत राहतो. मर्डरवर्ल्ड त्या काळात का सुचले असावे याचा विचार करताना मला या पिनबॉलपाशीच थांबावेसे वाटते.

न्यूयॉर्क शहरात पिनबॉलवर १९४२ पासून बंदी होती. महापौर फिओरेलो ला ग्वार्डिया यांच्या लेखी ते यंत्र म्हणजे पोरांच्या खिशातली नाणी लुबाडणारा जुगार होता, आणि त्यांनी जप्त केलेली यंत्रे छायाचित्रकारांसमोर हातोड्याने फोडली होती. त्या वेळच्या यंत्रांत चेंडू एकदा सोडला की खेळणाऱ्याच्या हाती फारसे काही उरत नसे. खटका दाबून चेंडू परतवणाऱ्या पट्ट्या, म्हणजे फ्लिपर, आल्या १९४७ मध्ये, आणि तेव्हापासून हा खेळ नशिबाचा की कौशल्याचा या वादाला खरा अर्थ आला. त्याचा निकाल लागला १९७६ मध्ये. पिनबॉलचे जाणकार खेळाडू रॉजर शार्प यांनी नगर परिषदेच्या समितीसमोर यंत्र खेळून दाखवले, चेंडू कोणत्या वाटेने जाईल ते आधी सांगून तो त्याच वाटेने नेला, आणि बंदी उठली. मार्व्हलचे कार्यालय याच शहरात होते आणि त्यानंतर दोन वर्षांच्या आत मर्डरवर्ल्ड छापून आले. या दोन घटनांचा थेट संबंध होता असा दावा मी करणार नाही, परंतु पिनबॉल हे यंत्र तेव्हा शहराच्या बोलण्यात होते आणि त्याच्याभोवती थोडा बदनामीचा वासही होता, हे ध्यानात घेतले की आर्केडच्या हातात तेच खेळणे का शोभले ते कळते. पडद्यावरच्या खेळांची लाट अजून यायची होती. ‘स्पेस इन्व्हेडर्स’ हा व्हिडिओ गेम जपानमध्ये आला तो १९७८ च्या मध्यावर.

नशीब की कौशल्य, हा वाद मर्डरवर्ल्डच्या रचनेतही मुरलेला आहे. सावजाला सुटकेची एखादी तरी संधी ठेवायचीच, नाहीतर तो खेळ उरत नाही, असा आर्केडचा नियम आहे. आपल्या महाभारतातल्या लाक्षागृहातही सुटकेचे भुयार होते, पण ते विदुराच्या माणसाने चोरून खणले होते. इथे फट खुद्द सापळा रचणाराच ठेवतो. या नियमामागे छपाईच्या धंद्याचीही एक गरज आहे. आठवड्याला एक भाग दाखवणाऱ्या चित्रपट-मालिका १९१० च्या दशकापासून नायक-नायिकांना प्राणसंकटात सोडून थांबत आल्या होत्या आणि १९६६ च्या दूरचित्रवाणीवरील बॅटमॅननेही तीच रीत चालवली. महिन्याला निघणाऱ्या कॉमिकला एका अंकात अडकवणे आणि पुढच्या अंकात सोडवणे सोयीचेच होते. मात्र हाताशी आलेल्या नायकाला खलनायक सरळ ठार का करीत नाही, या जुन्या प्रश्नाला आर्केडच्या स्वभावातच उत्तर सापडले. शिवाय १९५४ च्या कॉमिक्स कोड या प्रकाशकांच्या नियमावलीने रक्तपात दाखवण्यावर बंधने घातलेली असताना रंगीत दिवे आणि खेळण्यांच्या आडून भीती उभी करता आली, हा लाभ लहान नव्हता.

याच लेखक-चित्रकारांनी १९७९ मध्ये ‘एक्स-मेन’ या नायकांच्या चमूच्या मालिकेच्या १२३ आणि १२४ व्या अंकांत मर्डरवर्ल्ड पुन्हा आणले. माझ्या मते हा सापळा सर्वांत चांगला वापरला गेला तो इथेच. शहराच्या रस्त्यावरून साधी कचऱ्याची गाडी येते, चमूचा नायक सायक्लॉप्स आणि त्याच्यासोबतची कॉलीन विंग यांना गिळून निघून जाते, आणि हे पाहतो तो स्पायडर-मॅन. आत गेल्यावर प्रत्येकासाठी वेगळी खोली: कुणासाठी अंगावर धावून येणाऱ्या बंपर कार, कुणासाठी आरसेमहाल. कोलोसस या रशियन तरुणाच्या बाबतीत मात्र आर्केड यंत्राऐवजी त्याच्या मनातली मायदेश सोडल्याची टोचणी वापरतो, त्याचा बुद्धिभेद करून त्याला मित्रांवरच सोडतो, आणि मित्रांना त्याला ताकदीने नव्हे तर मायेने परत आणावे लागते. एक्स-मेनच्या वाचकांना १९६३ च्या पहिल्या अंकापासून ‘डेंजर रूम’ ही सरावाची खोली परिचित होती. मर्डरवर्ल्ड हे तिचेच उलटे रूप आहे, कारण दोन्हीकडे यंत्रे आणि कसोट्या सारख्याच, फक्त नियंत्रण कक्षात बसलेल्याचा हेतू वेगळा.

पुढे १९८१ मध्ये नायकांचे आप्तस्वकीय तिथे कोंडले गेले आणि १९८८ च्या ‘एक्सकॅलिबर’ या मालिकेत कॅप्टन ब्रिटनची आर्केडशी पुन्हा गाठ पडली, परंतु नवी कल्पना त्यांत थोडीच होती. खेळाच्या यंत्रातून जन्मलेला हा सापळा स्वतःच खेळ झाला तो ‘मॅडनेस इन मर्डरवर्ल्ड’ या १९८९ च्या संगणकीय खेळात आणि ‘आर्केड्स रिव्हेंज’ या १९९२ च्या व्हिडिओ गेममध्ये. तिथे खटके वाचकाच्या बोटांखाली आले, पण सुटण्यासाठी.

डेनिस होपलेस यांनी लिहिलेली ‘अ‍ॅव्हेंजर्स अरेना’ ही मालिका २०१२ च्या डिसेंबरात सुरू झाली तेव्हा आर्केडच्या नियमाचा पायाच बदलला. सोळा तरुण नायकांना पळवून आणून तो त्यांना सांगतो की तीस दिवसांनंतर एकानेच जिवंत राहायचे आहे. आता यंत्र फक्त रिंगण पुरवते आणि मारण्याचे काम सावजांनी एकमेकांवर करायचे असते. पहिल्या अंकाचे मुखपृष्ठ शाळकरी मुलांना एकमेकांना मारायला लावणाऱ्या ‘बॅटल रोयाल’ या जपानी चित्रपटाची आठवण मुद्दाम करून देणारे होते. अनेक वाचकांना आपल्या आवडत्या पात्रांचा असा बळी दिलेला रुचला नाही, आणि त्यांचा राग मला समजतो; तरी पिनबॉलच्या पिढीचा सापळा स्पर्धेच्या कार्यक्रमांच्या पिढीपर्यंत आणायचा तर हीच वाट होती असे मला वाटते. अखेरीस आर्केड या झुंजीचे चित्रण इंटरनेटवर टाकतो, आणि ‘अ‍ॅव्हेंजर्स अंडरकव्हर’ ही २०१४ ची मालिका सुरू होते ती जगाने ते पाहिल्यानंतर वाचलेल्या मुलांच्या वाट्याला काय आले इथून.