घरपट्टी आणि ग्रामीण गरिबी

घरपट्टी : ग्रामपंचायत आपल्या हद्दीतील घरांवर व जागांवर बसवते तो कर. महाराष्ट्रात तो 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 124 खाली आकारला जातो, आणि 2015 च्या नियमदुरुस्तीपासून भांडवली मूल्यावर, म्हणजे घर व जागेच्या किमतीवर. झोपडी, मातीचे घर, आरसीसी असे बांधकामाचे प्रकार धरून दर ठरतो, म्हणून कच्च्या घराची पट्टी कमीच येते. तिच्याबरोबर दिवाबत्ती, आरोग्य आणि पाणीपट्टी यांचीही मागणी होते. नळाला मीटर नसेल तिथे पाणीपट्टी जोडणीमागे ठरावीक असते. बागायतदार आणि भूमिहीन मजूर दोघांनाही तेवढीच.

एका वर्षाची पट्टी पाहिली तर तिने कोणी खचेल असे वाटत नाही. ती जड होते थकल्यावर. ऊसतोडीला जाणारे कुटुंब दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल (मजुरीपोटी आगाऊ रक्कम) घेऊन घराला कुलूप लावते. ग्रामपंचायतीच्या वसुलीला जोर येतो मार्चअखेर, तेव्हा ते अजून उसाच्या फडात असते. परत येते तोवर कमाईचा बराचसा भाग उचलीत फिटलेला असतो. बाकी पुढच्या वर्षावर जाते, वर दंड चढतो. मग घरकुलाच्या अर्जाला नमुना नंबर 8 चा उतारा लागला, की ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचा ग्रामसेवक) म्हणतो, ‘आधी बाकी भरा.’ अर्जाची मुदत तोंडावर आलेली असते. पैसे सावकाराकडून येतात, नाहीतर पुढच्या हंगामाच्या उचलीतून. गरिबीतून वर येण्याची जी थोडी दारे सरकारने उघडली आहेत, त्यांच्याच उंबऱ्यावर ही बाकी अडवते. हे अन्यायाचे आहे.

कलम 129 प्रमाणे थकबाकीदाराची जंगम (हलवता येणारी) मालमत्ता जप्त करता येते. प्रकरणे लोकअदालतीतही ठेवली जातात. मागणीचे बिल मिळाल्यापासून तीन महिन्यांत कर न भरणारा ग्रामपंचायत सदस्य कलम 14 खाली अपात्र ठरू शकतो. राखीव जागेवर निवडून आलेल्या मजुरालाही ही अट तशीच लागू आहे.

वर्षानुवर्षे पट्टी भरूनही घर नावावर होत नाही. नमुना 8 हा आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे. त्यावर बँकेचे कर्ज मिळणे कठीण. गावठाणातील घरांना मिळकत पत्रिका (मालकीची नोंद) देणारी स्वामित्व योजना 2020 मध्ये सुरू झाली. गायरानावरची, म्हणजे गावाच्या सरकारी चराऊ जमिनीवरची वस्ती तिच्या बाहेरच राहते.

ग्रामपंचायतींचीही अडचण खरी आहे. रिझर्व्ह बँकेच्या 2024 मधील अहवालानुसार देशातील पंचायतींच्या महसुलात स्वतःच्या करांचा वाटा जेमतेम 1 टक्का. बाकी सारे प्रामुख्याने अनुदान. गावातला दिवा आणि गटार पट्टीच्याही पैशांवर चालतात. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील पाटोदा ग्रामपंचायतीने पूर्ण कर भरणाऱ्यांना मोफत दळण देऊन वसुली वाढवली, पण अशा सवलतीचा लाभ ज्याला वेळेत भरणे जमते त्यालाच होतो. मुंबईत 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर 2022 पासून माफ आहे. खेड्यातल्या त्याहून लहान घराला तशी सरसकट माफी नाही, आणि ती द्यायची तर ग्रामपंचायतीचे बुडणारे उत्पन्न राज्याने भरून दिले पाहिजे.