डबाबंद तारली, मसाल्याचा भात आणि दोन जातींचे बीजाणू

जून-जुलैमध्ये यांत्रिक मासेमारी बंद असते, बाहेर पाऊस थांबायला तयार नसतो आणि बाजारात जाण्याचे त्राण उरलेले नसते, अशा दिवशी फडताळातला तारलीचा किंवा टूनाचा डबा, वाटीभर तांदूळ, एक कांदा, मालवणी मसाला आणि दोन-चार आमसुले एवढ्यावर घरातल्या दोघांचे पोटभर आणि सकस जेवण होते. परदेशी शिकायला गेलेली आपली मुले असा भात करून वेळ भागवतात, पण मासे आवडीने खाणाऱ्या घरांतसुद्धा डब्यातल्या माशाकडे अजून संशयानेच पाहिले जाते. तो शिळा असणार, टिकवण्यासाठी त्यात काहीतरी रसायन घातलेले असणार, म्हणून निदान खळखळून शिजवून तरी घ्यावा, असा समज असतो. भाताबद्दल मात्र कोणाला शंका येत नाही. दुपारी केलेला भात ओट्यावर झाकून ठेवला की रात्रीपर्यंत चालतो, असे आपण धरूनच चालतो. सूक्ष्मजीवशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर या जेवणात सर्वांत निर्धोक वस्तू न उघडलेला डबा ही आहे आणि सर्वांत जास्त लक्ष द्यायला हवे ते भाताकडे. असे का, हे समजले की हा भात कोणत्या क्रमाने रांधावा हेही आपोआप ठरते.

अन्न हवाबंद भांड्यात घालून तापवले तर ते महिनोन्महिने टिकते, हे निकोला आपेर या फ्रेंच मिठाईवाल्याने दाखवून दिले. त्याबद्दल फ्रेंच सरकारने १८१० साली त्याला १२,००० फ्रँकचे बक्षीस दिले. आपेर काचेच्या बाटल्या वापरत असे; त्याच वर्षी इंग्लंडमध्ये पीटर ड्युरँड याने कथिलाचा मुलामा दिलेल्या लोखंडी डब्यासह अशा भांड्यांचे पेटंट घेतले. अन्न का टिकते, हे मात्र दोघांनाही ठाऊक नव्हते. अन्न सूक्ष्मजीवांमुळे नासते, हे दाखवणाऱ्या लुई पाश्चर या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या संशोधनाची, म्हणजे आणखी सुमारे अर्ध्या शतकाची, वाट पाहावी लागली. पाश्चरनंतरही डबे फुगण्याचे आणि नासण्याचे प्रकार होतच राहिले, कारण नुसत्या उकळत्या पाण्याला दाद न देणारे काही जीव त्यांत तग धरून राहत होते. १८९०च्या दशकात अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत सॅम्युएल प्रेस्कॉट आणि विल्यम अंडरवुड यांनी नासलेल्या शिंपल्यांच्या डब्यांचा कसून अभ्यास केला आणि डब्याच्या मध्यापर्यंत किती तापमान किती वेळ पोहोचले पाहिजे, हे मोजून काढण्याची पद्धत घालून दिली. डबाबंद अन्नाचे खरे शास्त्र तिथून सुरू झाले.

या शास्त्रातला मुख्य शत्रू म्हणजे क्लॉस्ट्रिडियम बॉटुलिनम हा जीवघेणे विष तयार करणारा जिवाणू. त्याला प्राणवायू सोसत नाही आणि आंबट माध्यमात तो वाढत नाही; प्राणवायू नसलेली, आंबटपणा नसलेली, ओलसर जागा त्याला मानवते, आणि माशाच्या बंद डब्याची आतली बाजू नेमकी तशीच असते. परिस्थिती प्रतिकूल झाली की हा जिवाणू जाड कवचाचा बीजाणू बनून राहतो आणि तो बीजाणू १०० अंश सेल्सिअसला कित्येक तास टिकू शकतो. म्हणून डबे रिटॉर्ट नावाच्या मोठ्या दाबपात्रात ठेवून वाफेच्या दाबाखाली साधारण १२१ अंशांपर्यंत तापवतात. या तापमानाला बीजाणूंची संख्या दर १२-१३ सेकंदांनी एक दशांश होत जाते. डब्याच्या अगदी मध्यभागी सुमारे तीन मिनिटे हे तापमान राहिले, तर मुळातल्या एक लाख कोटी बीजाणूंपैकी जेमतेम एखादा उरण्याची शक्यता राहते. उष्णता मध्यापर्यंत पोहोचायला वेळ लागत असल्याने प्रत्यक्षात डबे रिटॉर्टमध्ये याहून बराच जास्त वेळ असतात. मासा टिकतो तो या उष्णतेमुळे आणि हवाबंद शिवणीमुळे. वेगळे परिरक्षक रसायन घालण्याचे कारणच उरत नाही. डब्यातले मीठ आणि तेल हे चवीसाठी आणि पोतासाठी असते.

आपल्या घरचा कुकरही शिट्टीच्या वेळी १२० अंशांच्या आसपास पोहोचतो, हे खरे आहे. पण बरणीच्या मध्यभागी तेच तापमान किती वेळ राहिले, हे घरी मोजता येत नाही, म्हणून कुकरात बरण्या ठेवून मासे टिकवण्याचा प्रयोग कोणीही करू नये. विकत आणलेला डबा मात्र उघडण्यापूर्वी नीट न्याहाळावा. फुगलेला, गळणारा, खोल गंजलेला किंवा शिवणीवर चेपलेला डबा, आतल्या माशाला वास येत नसला तरी, चव घेऊन न पाहता टाकून द्यावा, कारण बॉटुलिनमच्या विषाला ओळखता येईल असा वास किंवा चव असेलच असे नाही.

रिटॉर्टमधल्या या तापमानात माशाचे काय होते, ते डबा उघडल्यावर स्पष्ट दिसते. माशाचे मांस आडव्या पाकळ्यांचे असते आणि दोन पाकळ्यांना सांधणारे पातळ पडदे कोलॅजेन या प्रथिनाचे असतात. उष्णतेने कोलॅजेनचे जिलेटिन होते, पडदे विरघळतात आणि चमचा लावताच पाकळ्या सुट्या होतात. तारलीच्या काट्यांचेही असेच होते. काटा म्हणजे कोलॅजेनच्या जाळीत बसवलेले कॅल्शियम फॉस्फेटचे बारीक कण. जाळी ढिली पडली की मधला कणाही दोन बोटांत दाबून भुगा होण्याइतका ठिसूळ होतो. हे काटे काढून टाकणे म्हणजे डब्यातला सर्वांत मोलाचा भाग टाकून देणे होय. काट्यांसकट खाल्लेल्या १०० ग्रॅम डबाबंद सार्डिनमधून सुमारे ३८० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळते. तेवढ्याच वजनाच्या दुधात ते १२० मिलिग्रॅमच्या आसपास असते. शिवाय ड आणि ब-१२ ही जीवनसत्त्वे मिळतात, ती वेगळीच. टूना हा मोठा मासा असल्याने तो आधी वाफवून, त्याचे काटे काढून मगच डब्यात भरतात, त्यामुळे टूनातून प्रथिने भरपूर मिळत असली तरी कॅल्शियम फारसे मिळत नाही. मोठ्या टूनांमध्ये पाराही जास्त साठतो. रोजच्या वापरासाठी मला तारलीच अधिक योग्य वाटते.

डब्यात कधीकधी काचेच्या तुकड्यांसारखे पारदर्शक, कडक खडे सापडतात आणि खाणाऱ्याच्या काळजाचा ठोका चुकतो. बहुतेक वेळा ते स्ट्रुव्हाइट नावाचे स्फटिक असतात. माशातलेच मॅग्नेशियम आणि फॉस्फेट प्रथिनांच्या विघटनातून निघालेल्या अमोनियाशी एकत्र येऊन डबा थंड होताना हे स्फटिक तयार होतात. ते नखाने खरवडता येतात आणि चमचाभर व्हिनेगरमध्ये किंवा लिंबाच्या रसात टाकून थोडे तापवले की विरघळतात. काच विरघळत नाही, त्यामुळे ही चाचणी निर्णायक ठरते. स्ट्रुव्हाइट अपायकारक नसतो.

तेव्हा डब्यातला मासा पूर्ण शिजलेला आहे, त्याची प्रथिने आकसून त्यांतले पाणी आधीच बाहेर पडलेले आहे, आणि आपण तो पुन्हा उकळला तर तो अधिक सुरक्षित होत नाही, फक्त कोरडा आणि भुरभुरीत होतो. शिजवायचे असते ते तांदूळ आणि मसाले.

सुरुवात फोडणीपासून होते. मसाल्यांतली बहुतेक सुगंधी आणि रंगीत द्रव्ये पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत, तेलात सहज विरघळतात. लवंगेतले युजेनॉल, दालचिनीतले सिनॅमाल्डिहाइड, जिऱ्यातले क्युमिनाल्डिहाइड, हळदीचा पिवळा करक्युमिन, मिरचीचा तिखटपणा आणि तिचा लाल रंग ही सगळी द्रव्ये तेलातच उतरतात आणि ते तेल मग भाताच्या प्रत्येक शितापर्यंत चव पोहोचवते. अख्खे मसाले कडक तेल सोसतात, कारण त्यांचे तेलबिंदू आतल्या पेशींत बंद असतात आणि हळूहळू बाहेर येतात. पूड मात्र काही सेकंदांत करपते. म्हणून तेलात आधी लवंग, दालचिनी, जिरे आणि ठेचलेला लसूण घालावा, मग कांदा. कांद्यात पाणी असते आणि ते उडून जाईपर्यंत पातेल्यातले तापमान १०० अंशांच्या फारसे वर चढत नाही; या अवधीत हळद आणि मालवणी मसाला घातला तर तो न जळता तेलात उतरतो. कडेने लालसर तेल सुटू लागले की मसाला परतला गेला, असे समजावे. मसाल्याचे सुगंध वाफेबरोबर उडूनही जातात, त्यामुळे चिमूटभर मसाला राखून ठेवून तो अगदी शेवटी भुरभुरावा.

फोडणी मी ताज्या तेलाची करते, डब्यातल्या तेलाची नव्हे. डब्यातल्या तेलात माशाचे पाणी मिसळलेले असल्याने ते भयंकर तडतडते आणि त्यात उतरलेली ओमेगा-३ मेदाम्ले कडक आचेवर लवकर ऑक्सिडीकरण पावून उग्र वास देतात. तरी ते तेल ओतून टाकू नये. माशातल्या ओमेगा-३ आणि ड जीवनसत्त्वाचा काही भाग त्यात गेलेला असतो, म्हणून ते शेवटी, आच बंद करताना भातावर सोडावे. मिठाच्या पाण्यातला मासा घेतला तर त्याचा मेद माशातच राहतो आणि ते खारे पाणी निथळून टाकले तरी चालते.

तांदूळ कोणता घ्यावा, याबद्दल माझे मत स्पष्ट आहे. आंबेमोहर आणि बासमती यांचा सुगंध टू-अॅसिटिल-वन-पायरोलीन या फार नाजूक द्रव्याचा असतो, आणि मासा, लसूण व मालवणी मसाला यांच्यापुढे त्याचा टिकाव लागत नाही. आंबेमोहर मऊ आणि चिकटसर शिजत असल्याने मासा मिसळताना त्याचा गोळाही होतो. इथे कोलमच बरा. तांदूळ धुतला की दाण्यांवरचा मोकळा स्टार्च निघून जातो, आणि परतताना त्यावर तेलाचा पातळ थर बसला की शिते सुटी राहतात. साधारण ६५ ते ७५ अंशांच्या दरम्यान दाण्यातले स्टार्चचे कण पाणी शोषून फुगतात आणि भात मऊ होतो. वाटीभर तांदळाला दोन वाट्या आधणाचे पाणी घालावे आणि मीठ नेहमीपेक्षा कमी घालावे, कारण मासा मुळात खारवलेला असतो.

डबा उघडल्याबरोबर येणारा हिवसट वास बऱ्याच अंशी ट्रायमिथिलअमाइनचा असतो. समुद्री माशांच्या शरीरात असलेले एक निरुपद्रवी, वासरहित संयुग जिवाणूंमुळे आणि उष्णतेमुळे मोडून हे अमाइन तयार होते. ते अल्कधर्मी असल्याने आम्लाशी संयोग पावून त्याचा क्षार बनतो, आणि क्षार हवेत उडत नसल्याने नाकापर्यंत पोहोचत नाही. आमसुलातले हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल, चिंचेतले टार्टरिक आम्ल किंवा लिंबातले सायट्रिक आम्ल यांपैकी कोणतेही हे काम करते. कोकणात आणि गोव्यात बांगड्याला, तारलीला आंबट आणि त्याच्या जोडीला तिरफळ लागतेच, त्या रिवाजामागे हे रसायन उभे आहे. मात्र आम्लामुळे भाज्यांच्या पेशीभित्ती लवकर मऊ पडत नाहीत. भातात बटाटा किंवा वाटाणा घालणार असाल तर तो शिजल्यावरच आमसुले टाकावीत, आणि काही आंबट थेट माशावरच घालावे. मासा निथळून त्यावर लिंबू पिळून तो भात शिजेपर्यंत बाजूला ठेवला, तर वास लक्षात येण्याजोगा कमी होतो.

भातातले पाणी आटले, की मासा मोठ्या तुकड्यांत वर मांडावा, डब्यातले तेल सोडावे, झाकण लावून आच बंद करावी आणि पाच-सात मिनिटे वाफेवर राहू द्यावे. एवढ्याने मासा गरम होतो आणि त्याच्या पाकळ्या शाबूत राहतात. वाढताना उलथन्याने खालून वर एकदाच हलवावे.

आता उरलेल्या भाताविषयी. तांदळाच्या दाण्यांवर बॅसिलस सेरेअस या मातीतल्या जिवाणूचे बीजाणू बहुधा असतातच. भात १०० अंशांना शिजतो आणि हे बीजाणू त्यातून जिवंत बाहेर पडतात. डब्यातल्या माशाला मिळालेली १२१ अंशांची आच उघड्या पातेल्यातल्या भाताला कधी मिळालेलीच नसते. भात कोमट झाला की बीजाणू रुजतात, जिवाणू झपाट्याने वाढतात आणि त्यांच्या काही वाणांपासून सेरेउलाइड नावाचे विष तयार होते, ज्यामुळे खाल्ल्यापासून एक ते सहा तासांत उलट्या सुरू होतात. भात पुन्हा गरम केला तर जिवाणू मरतात, पण हे विष कुकरच्या तापमानालाही नष्ट होत नाही. तारली, बांगडा आणि टूना यांच्या बाबतीत आणखी एक धोका असतो: उघडलेला मासा उबेत राहिला तर जिवाणू त्यातल्या हिस्टिडिन या अमिनो आम्लापासून हिस्टामिन बनवतात, तो खाल्ल्यावर अंगावर पित्त उठल्यासारखे चट्टे येतात, डोके दुखते, आणि हिस्टामिनही शिजवून जात नाही.

म्हणून उरलेला भात ताटात पातळ पसरून लवकर निववावा, तासाभरात झाकणाच्या डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी संपवावा. उघडलेल्या टिनमधला उरलेला मासाही काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात काढून फ्रिजमध्येच ठेवावा. थंडाव्यात भाताच्या स्टार्चमधल्या साखळ्या पुन्हा एकमेकींना घट्ट चिकटतात, त्यामुळे शिते कडक आणि मोकळी होतात. फोडणीच्या भाताला आदल्या दिवशीचा भात चांगला लागतो तो याच कारणाने, आणि पाण्याचा एक हबका मारून झाकणाखाली चांगली वाफ आणली की तो परत मऊ होतो. सगळ्यांत सोयीचे असे, की भात साधा शिजवून वेळेवर फ्रिजमध्ये ठेवावा, दुसऱ्या दिवशी मसाल्याची फोडणी करून त्यात तो वाफ येईपर्यंत परतावा आणि डबा तेव्हाच उघडावा.