संग्रहालय-शिक्षक : व्यावसायिक संपर्क व विकास (कोल्हापूर)

वस्तुसंग्रहालयात किंवा कलादालनात मांडलेल्या वस्तू आणि त्या पाहायला आलेली माणसे यांची गाठ घालून देणारा कार्यकर्ता म्हणजे संग्रहालय-शिक्षक. वस्तू मिळवणे, तिची नोंद करणे, ती जपणे ही अभिरक्षकाची जबाबदारी; तीच वस्तू चौथीतल्या मुलाला किंवा सुटीत आलेल्या कुटुंबाला उलगडून दाखवणे हे शिक्षकाचे काम. लहान संग्रहालयांत असा वेगळा हुद्दा क्वचितच असतो. कधी अभिरक्षक स्वतःच सांगतो, कधी दालनातला पहारेकरी, तर कधी सहल घेऊन आलेले चित्रकलेचे सर. त्यामुळे हे काम बरेचसे एकमेकांचे पाहून, एकमेकांना विचारून शिकले जाते. या देवाणघेवाणीलाच येथे व्यावसायिक संपर्क म्हटले आहे.

कोल्हापुरात त्याची गरज किती खरी आहे, हे टाऊन हॉलमधल्या एका मूर्तीपाशी उभे राहिले की कळते. चार्ल्स मँट यांच्या आराखड्यानुसार 1872 ते 1876 या काळात बांधलेल्या या इमारतीतील संग्रहालयात, पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर सापडलेली पोसायडनची कांस्यमूर्ती आहे. पोसायडन हा ग्रीकांचा समुद्रदेव. ब्रह्मपुरीवर 1945-46 मध्ये ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी उत्खनन केले आणि सातवाहनकालीन वसाहतीचे अवशेष उजेडात आणले. मूर्ती छोटी आहे, पण तिच्यापुढे मुले थांबली की प्रश्नांची रांग लागते. समुद्रापासून इतक्या दूर समुद्राचा देव कसा आला? कोणी आणला? ही ओतली कशी? पहिल्या दोन प्रश्नांसाठी रोमन व्यापार, कोकणातली बंदरे आणि सह्याद्रीतले घाट ठाऊक असावे लागतात. तिसऱ्याचे उत्तर मात्र शहरातच आहे. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत रोज साच्यात धातूचा रस ओतणारे हात असंख्य आहेत, आणि सहलीला आलेल्या कितीतरी मुलांचे वडील तिथे कामाला असतात. असा एखादा कारागीर दालनात येऊन दहा मिनिटे बोलला, तर ओतकाम छापील माहितीफलकापेक्षा कितीतरी चांगले कळेल. एकट्या माणसाला इतिहास, भूगोल आणि धातुकाम सगळे येणार नाही. ते कोणाला येते हे मात्र त्याला ठाऊक हवे.

शहर आणि परिसरातली संग्रहालये वेगवेगळ्या छत्रांखाली आहेत. टाऊन हॉल आणि राजारामपुरीतले चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालय ही राज्य शासनाची, नव्या राजवाड्यातले छत्रपती शहाजी संग्रहालय राजघराण्याशी जोडलेले, कणेरीचे ग्रामजीवन दाखवणारे सिद्धगिरी संग्रहालय मठाचे, वि. स. खांडेकरांचे स्मृतिसंग्रहालय शिवाजी विद्यापीठात. मालक निराळे असले तरी येणारी मुले तीच असतात. म्हणून या पेशात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी प्रशिक्षण म्हणजे दुसऱ्याची फेरी मागे उभे राहून पाहणे. कोणत्या वस्तूपाशी मुले रेंगाळली, कुठे कंटाळली, सांगणाऱ्याने कुठे तोंड मिटायला हवे होते, हे बाहेरच्याला चटकन दिसते. तालमीत पठ्ठ्या आधी लाल मातीच्या कडेला बसून वस्तादांचे डाव पाहतो, तसेच हे. शाळांच्या शिक्षकांसाठी केंद्रस्तरावर, म्हणजे आसपासच्या काही शाळांच्या गटात, शिक्षण परिषद भरते. तिथे गुरुजी आणि बाई आपापले प्रयोग मांडतात. त्यातली एखादी बैठक दालनातच घेतली, तर दोन्ही बाजूंचा फायदा होतो: शिक्षकांना सहलीआधी काय शिकवून आणायचे ते समजते आणि संग्रहालयाला अभ्यासक्रम कळतो.

या पेशाच्या संघटना आठ दशकांपूर्वीच उभ्या राहू लागल्या. भारतीय संग्रहालय संघ 1944 मध्ये स्थापन झाला. पॅरिसमध्ये 1946 साली आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषद स्थापन झाली. शिक्षण आणि सांस्कृतिक कार्यासाठी तिची स्वतंत्र समिती आहे. परिषद 1977 पासून 18 मे हा आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन पाळते. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात 1952 पासून संग्रहालयशास्त्र शिकवले जाते.

संग्रहालयात शिकवण्याच्या पद्धतींपैकी एक कोल्हापूरला विशेष लागू पडते. अमेरिकेत अबिगेल हाउसन आणि फिलिप येनावाइन यांनी विकसित केलेल्या पद्धतीत शिक्षक माहिती सांगत नाही, तीनच प्रश्न विचारतो: या चित्रात काय चाललंय? असं कशावरून म्हणतोस? आणखी काय दिसतंय? कोल्हापूरचे चित्रकार अबालाल रहिमान (1860–1931) यांनी कोटीतीर्थ, रंकाळा या तलावांचा परिसर रंगवला. रंकाळ्यावर संध्याकाळी भेळ खायला जाणाऱ्या मुलाला त्या पाण्याबद्दल बोलायला कोणी शिकवावे लागत नाही. त्याला फक्त वेळ द्यावा लागतो, आणि उत्तर सुचवण्याचा मोह आवरावा लागतो. हा मोह आवरणे सर्वांत अवघड आहे. ते वाचून येत नाही, सहकाऱ्याने टोकले तरच सुधारते. अभिनेते आणि चित्रकार चंद्रकांत मांडरे यांची पावडर शेडिंगची चित्रे मात्र निराळी वागणूक मागतात. तिथे प्रश्नांबरोबर कृती हवी: कोरडी भुकटी कागदावर चोळून छटा कशी उमटते हे मुलांनी स्वतः करून पाहावे. त्यासाठी कलामहाविद्यालयांतील विद्यार्थी उत्तम साथीदार ठरतात.

या साऱ्यात सर्वाधिक दुर्लक्षित असतो तो दालनातला पहारेकरी. दिवसभर प्रेक्षकांचे प्रश्न त्याच्याच कानावर पडतात, तरी प्रशिक्षणाच्या यादीत त्याचे नाव सहसा नसते. त्याला कार्यशाळेत बसवणे, त्याने ऐकलेले प्रश्न वहीत टिपून ठेवणे आणि ती वही इतर संग्रहालयांनाही दाखवणे ही या क्षेत्रातील फार मोलाची कामे आहेत. अंध प्रेक्षकांसाठी हाताळता येतील अशा प्रतिकृती बनवण्यातही त्याचे निरीक्षण कामी येते, कारण कोणत्या वस्तूला हात लावायला लोक धजतात हे त्याने पाहिलेले असते.

पन्हाळगडाचा समावेश जुलै 2025 मध्ये मराठा लष्करी भूप्रदेशातील बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून जागतिक वारसा यादीत झाला. तेव्हापासून अंबरखान्यापाशी, तीन दरवाजापाशी माहिती सांगणारा गाइडही याच पेशातला सोबती मानायला हवा. गडावरची वास्तू आणि शहरातल्या दालनांतली शस्त्रे या दोन्हींविषयी तीच मुले एकाच सहलीत ऐकतात.