‘वाळीत टाकलेला’ आणि ‘निघालेला’: पंथ सोडणाऱ्यांच्या प्रश्नाची पार्श्वभूमी

कडक शिस्तीच्या धार्मिक गटाने एखाद्याला बाहेर काढले, तर त्याच्यासाठी मराठीत शब्दांची वानवा नाही. वाळीत टाकलेला, बहिष्कृत, पतित, भ्रष्ट. जुन्या मराठीत ‘वाळणे’ म्हणजे वर्ज्य करणे, त्यावरून वाळीत. पण माणूस स्वतःच्या पायांनी निघाला तर त्याला काय म्हणायचे? ‘माळ तोडली’, ‘सत्संग सुटला’, ‘सभेला यायचा बंद झाला’. ही झाली वर्णने, नाव नव्हे. ठाणे आणि नवी मुंबईत हा प्रश्न समुपदेशकापुढे, वकिलापुढे किंवा सोसायटीच्या जिन्यात उभा राहतो, तेव्हा तो बऱ्याचदा या बिननावाच्या माणसाचा असतो. कायदे मात्र पहिल्याला समोर ठेवूनच होत गेले.

ठाणे-वसईची पोर्तुगीजकालीन धर्मांतरे हा वेगळा विषय, तो बाजूला ठेवू. इंग्रजी अमलात सुरुवात मालमत्तेपासून झाली. जात गेली किंवा धर्म सोडला म्हणून वारसाहक्क बुडणार नाही, असे १८५० च्या २१ व्या कायद्याने ठरवले. पुण्यातले १८९० चे पंचहौद मिशनचे चहाप्रकरण सर्वांना ठाऊक आहे. त्या ग्रामण्यात, म्हणजे जातबहिष्काराच्या वादात, कोण काय प्यायले आणि प्रायश्चित्त कोणी घेतले यावर रण माजले. कुणाची श्रद्धा ढळली होती का, हा मुद्दाच नव्हता. पुढे १९३५ च्या येवल्याच्या घोषणेपासून १९५६ च्या नागपूरच्या दीक्षेपर्यंत २१ वर्षे गेली. सोडायचे ठरले आहे, कुठे जायचे ते ठरलेले नाही, असा तो काळ. आपल्या पाठ्यपुस्तकांत घोषणा असते, दीक्षा असते. मधली वर्षे एका ओळीत उरकतात. पंथ सोडलेला माणूस नेमका अशाच मधल्या वर्षांत राहत असतो.

बहिष्काराविरुद्धचा पहिला थेट कायदा मुंबई राज्याने १९४९ मध्ये केला. समाजातून काढण्याची कृतीच त्याने अवैध ठरवली. एका पंथाच्या धर्मप्रमुखांनी त्याला आव्हान दिले आणि सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये चार विरुद्ध एक अशा बहुमताने तो रद्द केला. धार्मिक कारणावरून सदस्याला काढणे हा पंथाच्या अंतर्गत व्यवस्थेचा, म्हणजे अनुच्छेद २६ चा भाग आहे, असा त्याचा आधार. या निकालाच्या फेरविचाराची मागणी १९८६ मध्ये दाखल झाली. फेब्रुवारी २०२३ मध्ये पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ती नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवली. दाखल होण्यापासून सोपवण्यापर्यंत ३७ वर्षे.

दरम्यान रायगडच्या गावकीतली बहिष्कार-प्रकरणे एकामागून एक बाहेर आली आणि महाराष्ट्राने २०१६ चा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा केला. तो ३ जुलै २०१७ पासून लागू आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आहे, पण जामीनपात्रही. व्याख्येत ‘समाज’ म्हणजे फक्त जात नव्हे. जन्माने, धर्मांतराने किंवा धार्मिक विधीने एका धर्माचे वा पंथाचे झालेले लोकही त्यात येतात. इथवर ठीक. पण कायदा बोलतो तो एका ‘सदस्याने’ दुसऱ्या ‘सदस्यावर’ घातलेल्या बहिष्काराविषयी. ज्याने लेखी राजीनामा देऊन गट सोडला, तो सदस्य राहतो का? बचावाचा वकील पहिला बोट ठेवतो ते इथेच. म्हणून जाणकार वकील ‘मी यापुढे तुमचा नाही’ असे पत्र घाईने पाठवू देत नाहीत.

तक्रार फसण्याची दुसरी जागा म्हणजे तिची भाषा. ‘आमच्याशी कोणी बोलत नाही’ एवढ्यावर गुन्हा उभा राहत नाही, कारण न बोलणे हा ज्याचा त्याचा हक्क आहे. कोणत्या तारखेच्या सभेत कोणी काय ठरवले, कोणत्या लग्नाला कोणाला जाऊ दिले नाही, दुकानातला माल कोणाच्या सांगण्यावरून बंद झाला, असे नेमके लिहावे लागते. गटातला संदेश पुरावा म्हणून द्यायचा तर नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचे प्रमाणपत्र लागते आणि ज्या फोनवर संदेश आला तो जपावा लागतो. लोक रागाच्या भरात आधी ग्रुप सोडतात, मग चॅट पुसतात, आणि सहा महिन्यांनी वकिलाकडे येतात. नवी मुंबईत हद्दीचाही घोळ आहे. वाशी-नेरूळ-बेलापूर ठाणे जिल्ह्यात, तर खारघर-कामोठे-कळंबोली रायगडात. पोलिस आयुक्तालय एकच, पण दोन्हीकडची न्यायालये आणि महसुली कचेऱ्या वेगळ्या. गावकी उरण-पनवेलची आणि राहणे नेरूळला असेल, तर घटना कुठे घडली हे तक्रारीच्या पहिल्याच परिच्छेदात यायला हवे.

२०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याचा इथे फारसा उपयोग नाही, हेही सांगायला हवे. त्याच्या अनुसूचीतल्या १२ बाबी भोंदूगिरी आणि अघोरी कृत्यांच्या आहेत. पहाटे चारचे नामस्मरण, उत्पन्नाचा दहावा भाग आणि बाहेरच्यांशी लग्न नाही, एवढ्यावर चालणारा गट त्यात कुठेच बसत नाही. विवेकवादी चळवळीचे लक्षही बुवा-बाबांवर राहिले. बाहेर पडलेला माणूस तिला व्यासपीठावर हवा असतो. त्याच्या रविवारच्या रिकाम्या सकाळचे काय करायचे, हे तिने फारसे मनावर घेतलेले नाही.

आता २०१४ च्या निकालाकडे. खरे तर या विषयात सर्वांत जास्त वाचायला हवा तो हाच, आणि सर्वांत जास्त चुकीचा सांगितला जातो तोही हाच. राज्याच्या राजपत्रात नाव, जन्मतारीख आणि धर्म यांतले बदल प्रसिद्ध होतात. काही अर्जदारांनी धर्माच्या जागी ‘कोणताही धर्म नाही’ असे छापण्याची मागणी केली. शासकीय मुद्रणालयाने नकार दिला. मुंबई उच्च न्यायालयात केंद्र आणि राज्य दोघांचा सूर असा की ‘धर्म नाही’ हा काही धर्म नव्हे, मग बदल कशाचा छापायचा? २३ सप्टेंबर २०१४ रोजी खंडपीठाने हा युक्तिवाद फेटाळला. अनुच्छेद २५ मधल्या स्वातंत्र्यात आपण कोणताच धर्म मानत नाही असे म्हणण्याचे स्वातंत्र्य येते आणि कोणत्याही शासकीय यंत्रणेला नागरिकाकडून धर्म वदवून घेता येत नाही, असे न्यायालयाने सांगितले.

बातम्यांत हा ‘नास्तिकांचा विजय’ ठरला. तो तसा नव्हता. याचिकाकर्ते नास्तिक नव्हतेच. त्यांची येशू ख्रिस्तावर श्रद्धा होती. मान्य नव्हता तो ख्रिस्ती धर्म, आणि एकूणच संघटित धर्म. म्हणजे राज्यातला ‘निधर्मी’पणाचा सर्वांत महत्त्वाचा निकाल श्रद्धावंतांनी मिळवला आहे. पंथ सोडणाऱ्यांच्या दृष्टीने त्याचे मोल याच तपशिलात आहे, कारण त्यांच्यातले अनेक जण देव सोडत नाहीत. ‘देव मानतो, गुरू नाही’, ‘नमाज पढतो, जमातीत जात नाही’, ‘बायबल वाचतो, पास्टर नको’ अशीच वाक्ये ऐकू येतात. त्यांना नास्तिक म्हटले की ते दुखावतात, आणि आस्तिक म्हटले तरी गप्प होतात.

शब्दांचा गुंता जुना आहे. मनुस्मृतीत ‘नास्तिको वेदनिन्दकः’ असे आहे, म्हणजे वेद न मानणारा. त्या मापाने ईश्वराची गरज नसलेले मीमांसक आस्तिक आणि जैन-बौद्ध नास्तिक. आजच्या मराठीत देव न मानणारा तो नास्तिक. त्यासाठी नेमका शब्द निरीश्वरवादी. ‘ठाऊक नाही’ म्हणणारा अज्ञेयवादी. ‘निधर्मी’ तर वर्तमानपत्रांनी सेक्युलर या अर्थी इतका वापरला की व्यक्तीसाठी तो निकामी झाला. राज्य धर्मनिरपेक्ष असते, माणूस नव्हे. राज्यघटनेच्या मराठी पाठात अनुच्छेद २५ साठी ‘सद्सद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य’ असा शब्दप्रयोग आहे. उच्चारायला जड, पण या सगळ्यांत तोच उपयोगी: तो देवाबद्दल काहीच विचारत नाही.

‘धर्म नाही’ असे लिहून देण्याची कल्पना मात्र २०१४ ची नाही. १८७२ च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचे तर हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, पारशी, ज्यू, बौद्ध, शीख, जैन यांपैकी कोणताही धर्म आपण मानत नाही, असे जाहीर करावे लागे. आंतरजातीय लग्नासाठी लोक कागदापुरते धर्महीन होत. १९२३ च्या दुरुस्तीने हिंदू, बौद्ध, शीख, जैन यांना सवलत दिली; १९५४ च्या कायद्याने अट पूर्ण गेली. तेव्हा सरकार धर्म नाकारायला लावत होते. सुमारे १४० वर्षांनंतर तोच नकार छापायला तयार नव्हते.

निकालाने काय बदलत नाही, हे कमी सांगितले जाते. व्यक्तिगत कायदा बदलत नाही. हिंदू घरात जन्मलेल्याने ‘धर्म नाही’ म्हटले तरी तो मुस्लिम, ख्रिस्ती, पारशी किंवा ज्यू होत नाही, म्हणून वारसा हिंदू उत्तराधिकार कायद्यानेच चालतो. याच कायद्याचे कलम २६ धर्मांतर केलेल्याला नव्हे, तर धर्मांतरानंतर जन्मलेल्या त्याच्या मुलांना हिंदू नातेवाइकांच्या वारशातून वगळते. धर्मांतर करून गटात गेलेल्या जोडप्यांना हे बाहेर पडताना कळते. अनुसूचित जातीच्या दाखल्याचे गणित सर्वांत नाजूक. १९५० च्या आदेशानुसार तो हिंदू, शीख (१९५६ पासून) आणि बौद्ध (१९९० पासून) यांनाच आहे. अशा कुटुंबातल्या व्यक्तीने राजपत्रात धर्म काढण्याआधी जातपडताळणी जाणणाऱ्या वकिलाला विचारावे. उत्साहाने दिलेली जाहिरात पुढे मुलाच्या प्रवेशाच्या फाइलमध्ये निघते. अनुसूचित जमातीला धर्माची अट नाही.

मानसोपचाराने हा विषय उशिरा हाती घेतला. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेच्या चौथ्या आवृत्तीत, १९९४ मध्ये, ‘धार्मिक किंवा आध्यात्मिक समस्या’ अशी नोंद आली. श्रद्धा गमावणे किंवा तिच्यावर प्रश्न पडणे याचा तिथे स्पष्ट उल्लेख आहे, आणि हा विकार नव्हे हेही. फरक महत्त्वाचा, कारण मुलगी सत्संगाला जाईना म्हणून तिला थेट डॉक्टरकडे नेणारी घरे ठाण्यात आहेत. मनोरुग्णालय तर या शहरात १९०१ पासून आहे. समाजातल्या प्रचलित धर्मश्रद्धेशी न जुळणे यावरून मानसिक आजार ठरवता येणार नाही, असे २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचे कलम ३ सांगते. झोप उडाली, खाणे सुटले, जीव द्यावासा वाटला तर मात्र तो वैद्यकीय प्रश्न आहे, आणि १४४१६ ही टेलिमानस मदतवाहिनी मराठीतही बोलते.

बाहेर पडल्यावर आधी डोके नव्हे, वेळापत्रक कोसळते. पहाटेचे नाम, बुधवारची सभा, रविवारची सेवा हे तास रिकामे होतात आणि भीती नेमकी त्याच वेळी येते. ताप आला तरी कोप वाटतो. या काळात ‘देव आहे का’ याचा निकाल लावायला बसणारे बरेचदा दोनपैकी एक करतात: परत जातात, किंवा तितक्याच कडक दुसऱ्या गुरूकडे. जाणते समुपदेशक मोठा प्रश्न पुढे ढकलतात आणि एकेक नियम हातात घेतात. हा उपास गटाचा की आईच्या घरचा? हे गाणे ऐकल्याने काय होईल असे वाटले होते, आणि झाले काय?

कागदांचे काम त्याहून सोपे, पण लोक विसरतात. बँकेतून दरमहा जाणारी देणगी शाखेत जाऊन लेखी थांबवायची आणि पोच घ्यायची. सभागृहात नाव वाचले जाईल म्हणून हप्ते वर्षभर चालू ठेवणारे कमी नाहीत. गटाच्या न्यासावर विश्वस्त असाल तर राजीनाम्याने नाव निघत नाही. धर्मादाय कार्यालयात ९० दिवसांत बदल अर्ज जायला हवा. तो मंजूर होईपर्यंत परिशिष्ट एकवर, म्हणजे न्यासाच्या अधिकृत नोंदीत, तुम्ही विश्वस्तच, आणि हिशेबाची नोटीस तुमच्या पत्त्यावर येते. राजीनाम्याची एक प्रत थेट त्या कार्यालयात द्यावी. खोली किंवा जमीन बक्षीसपत्राने दिली असेल तर ‘मन बदलले’ हे कारण चालत नाही. अनुचित दबाव दाखवावा लागतो. आध्यात्मिक गुरूने मिळवलेले असे दान अलाहाबाद उच्च न्यायालयाने १८९० मध्येच रद्द केले होते. पण मुदत तीन वर्षांची, आणि ती वस्तुस्थिती कळल्यापासून मोजतात.

शेवटची अडचण अंत्यविधीची. गटाच्या दफनभूमीत जागा नाकारली जाईल या भीतीने काही जण देहदानाचा अर्ज भरतात. तो अर्ज म्हणजे इच्छा. प्रत्यक्षात देह देतात ते जवळचे नातेवाईक, आणि ते गटातच असतील तर अर्ज कपाटातच राहतो. जनगणनेचेही तसेच. २०११ मध्ये ‘धर्म नमूद नाही’ या रकान्यात सुमारे २८.७ लाख लोक होते. त्यात धर्म नाकारणारे किती आणि उत्तर न देणारे किती, हे त्या आकड्यातून उलगडत नाही. पुढच्या मोजणीची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. प्रगणक दारात येईल तेव्हा घरातल्या प्रत्येकाला वेगवेगळे विचारत बसणार नाही. दार उघडणारी आई जे सांगेल, तेच सगळ्यांच्या नावापुढे लागेल.