जुन्या अमेरिकन गाडीचं सस्पेन्शन आणि स्टिअरिंग : पार्ट मागवायच्या आधी हे वाचा

"स्टिअरिंगला प्ले आलाय, बॉक्स पाठवा" असे फोन आम्हाला खूप येतात आणि दरवेळी आमचं सांगणं एकच, आधी गाडीखाली जाऊन बघा, कारण प्ले म्हणजे ढिलेपणा बहुतेकदा बॉक्समधे (स्टिअरिंगच्या दांड्याखालचा गिअर) नसतोच, तो टाय रॉड एंड (चाक वळवणाऱ्या रॉडचं टोक) नाहीतर आयडलर आर्ममधे (बॉक्सच्या विरुद्ध बाजूने रॉडला आधार देणारा हात) असतो. चाकं जमिनीवर, हँडब्रेक ओढलेला, चाकांना लाकडं लावलेली, एकाने स्टिअरिंग थोडंथोडं डावीउजवीकडे हलवायचं आणि दुसऱ्याने खालून एकेका जॉइंटवर हात ठेवायचा. जिथे एक बाजू हलते आणि पुढची जागेवरच राहते तो जॉइंट गेलेला. हे न बघता बॉक्सवरचा स्क्रू पिळू नका प्लीज! चाकं सरळ असताना बॉक्स मुळातच सगळ्यात टाइट असतो, आणखी पिळला की वळणानंतर स्टिअरिंग आपणहून परत येत नाही आणि आतला वर्म (स्क्रूसारखा गिअर) खराब व्हायला लागतो.

आणि बॉक्स गेला तर खरंच अवघड आहे, कारण आपल्याकडच्या बऱ्याचशा गाड्या राइट हँड ड्राइव्ह. अमेरिकन कॅटलॉगमधला बॉक्स, पिटमन आर्म (बॉक्समधून निघणारा हात), आयडलर आर्म, सेंटर लिंक (या दोन आर्मना जोडणारा रॉड) हे सगळं लेफ्ट हँडसाठी असतं, फोटोत सेम दिसलं तरी बसेलच असं नाही. बॉल जॉइंट (चाकाला आर्मशी जोडणारा गोळीचा सांधा), बुश, कॉइल स्प्रिंग सहसा तेच चालतात. म्हणून जुना बॉक्स कितीही खराब वाटला तरी भंगारात देऊ नका, तो दुरुस्त होऊ शकतो.

वर्षाचं पण नीट बघा. 1954 ची शेवरोले किंगपिनवाली (चाक ज्या उभ्या पिनभोवती वळतं ती), 1955 ची बॉल जॉइंटवाली. फोर्डने हा बदल 1954 लाच केला होता आणि शेवरोलेच्याच कॉर्व्हेटला मात्र 1962 पर्यंत किंगपिनच. आरसी बुकातलं वर्ष रजिस्ट्रेशनचं असू शकतं, मॉडेलचं नाही, त्यामुळे आम्हाला चाकामागचा फोटो पाठवा, बुकाचा नको. किंगपिनचे बुश नुसते ठोकून चालत नाहीत, रीमर (भोक बारीक कोरायचं हत्यार) मारून पिनला फिट करावे लागतात, हे काम ज्याने आधी केलंय अशाच मिस्त्रीकडे द्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कंट्रोल आर्मचे (चाकाला फ्रेमशी जोडणारे वरखाली हलणारे आर्म) रबरी बुश. गाडी जॅकवर, चाकं लटकलेली आणि त्याच अवस्थेत मिस्त्री बोल्ट फुल टाइट करतो, मग गाडी खाली आली की रबर कायमचं पिळलेल्या अवस्थेत राहतं आणि थोड्याच दिवसांत फाटतं, आणि ग्राहक म्हणतो माल खराब. बोल्ट आधी हाताने लावा, गाडी चाकांवर उभी करा, पुढून दोनतीनदा दाबून सोडा आणि मगच टाइट करा. पॉलियुरेथेनच्या बुशला हे लागत नाही पण त्याला सोबत दिलेलं ग्रीस लावावंच लागतं, नाहीतर करकर सुरू. घरची गाडी रविवारी फिरवायची असेल तर आमच्या मते रबरच घ्या.

बॉल जॉइंट तपासताना जॅक कुठे लावता त्यावर सगळं आहे, जॉइंटवरचा स्प्रिंगचा ताण उतरला पाहिजे. शेवरोलेत स्प्रिंग खालच्या आर्मवर, म्हणून जॅक त्या आर्मखाली. 1965 च्या फोर्ड मस्टँगमधे स्प्रिंग वरच्या आर्मवर बसते, तिथे वरचा आर्म आणि बॉडी यांच्यात लाकूड अडकवून जॅक फ्रेमखाली लावायचा, तसं नाही केलं तर झिजलेला जॉइंट पण घट्ट वाटतो.

क्रायस्लर, डॉज, प्लिमथला अमेरिकेत 1957 मॉडेलपासून पुढे टॉर्शन बार (पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणारे लोखंडी बार) आले. डावा आणि उजवा बार वेगळा असतो, अदलाबदल करू नका, आणि अलाइनमेंटच्या आधी गाडीची उंची सेट करा. काढताना बार असो की कॉइल स्प्रिंग, आधी त्यातला ताण पूर्ण उतरवा, स्प्रिंग दाबून धरायचा कॉम्प्रेसर नसेल तर स्प्रिंगला हात लावू नका, सुटली तर जीव जाऊ शकतो.

जुन्या मॅन्युअलमधले कॅस्टरचे (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा पुढेमागे कल) आकडे क्रॉस-प्लाय म्हणजे जुन्या पद्धतीच्या टायरचे आहेत. रेडियल टाकले असतील तर अलाइनमेंटवाल्याला थोडा जास्त पॉझिटिव्ह कॅस्टर द्यायला सांगा, हायवेला गाडी सरळ धरेल. आणि ग्रीस, त्या काळच्या शेवरोलेला दर 1,000 मैलांना मारायचं असायचं, म्हणजे साधारण 1,600 किमी, ग्रीस भरायची निप्पल रंगाखाली बुजलेली असतील तर आधी ती मोकळी करा.

ऑर्डर देताना मेक, मॉडेल, चॅसी नंबर, लेफ्ट की राइट हँड, पॉवर स्टिअरिंग आहे का आणि जुन्या पार्टचा शेजारी पट्टी ठेवून काढलेला फोटो, एवढं पाठवा. नवा पार्ट हातात आला की बसवायच्या आधी जुन्याच्या शेजारी ठेवून बघा, टेपर (निमुळता भाग) आणि आटे जुळत नसतील तर तसाच परत पाठवा, आम्ही बदलून देऊ.