लाव्ह्याच्या ग्रहावर उतरण्याआधी

विज्ञानकथांमध्ये एक प्रसंग इतक्यांदा येऊन गेला आहे की त्याचा आता साचाच झाला आहे. यानात बिघाड होतो आणि चार-पाच अंतराळवीर नाइलाजाने एका धगधगत्या ग्रहावर उतरतात. चहूकडे लाव्ह्याच्या नद्या. तिथल्या लोकांचे दोन पंथ: एक म्हणतो डोंगरातली आग हा देवाचा कोप, दुसरा म्हणतो प्रसाद. पाहुणे कुणाच्या बाजूचे, यावरून शस्त्रं निघतात.

भांडणाबद्दल तक्रार नाही. माणसासारखं कुणी असलं की पंथ आले आणि पंथ आले की भांडण आलं. तक्रार बुटांबद्दल आहे. वितळलेल्या दगडाच्या काठाने धावताना या कथांमध्ये कुणाचे तळवे चिकटत नाहीत, कुणाला ठसका लागत नाही. आणि हा ग्रह पेटलेला आहे तो कशामुळे, हे तर कुणी विचारतच नाही.

विचारायला हवं. पृष्ठभागावर सतत लाव्हा वाहता ठेवणं फार खर्चाचं काम आहे. ग्रहाच्या पोटात उष्णता असते ती दोन मुख्य कारणांनी. एक, जन्माच्या वेळी झालेल्या धडकांची शिल्लक. दुसरं, युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियमच्या किरणोत्सारी अणूंचं विघटन. दोन्ही साठे हळूहळू संपतात आणि लहान गोळ्याचे लवकर संपतात. पातेल्यातली कढी तासभर गरम राहते, वाटीत काढलेली दहा मिनिटांत गार होते. कारण वाटीत आकारमानाच्या मानाने उघडी बाजू जास्त. आपल्या चंद्राचं हेच झालं. तिथल्या मोठ्या लाव्हा-पुरांना तीनेक अब्ज वर्षं होऊन गेली.

आता गुरूचा उपग्रह आयो पाहा. त्रिज्या १,८२१ किमी, म्हणजे चंद्रापेक्षा जेमतेम मोठा. हिशेबाने तो थंडगार पडलेला असायला हवा. प्रत्यक्षात तो सूर्यमालेतला सर्वात ज्वालामुखीग्रस्त गोल आहे. चारशेहून अधिक जिवंत ज्वालामुखी आणि बाहेर पडणारी उष्णता सुमारे दहा कोटी मेगावॉट. कोराडीच्या वीजकेंद्रातला एक मोठा संच ६६० मेगावॉटचा. तसे दीड लाख संच अहोरात्र चालवल्यासारखं हे आहे. दर चौरस मीटरमागे पृथ्वीच्या पोटातून जेवढी उष्णता झिरपते, त्याच्या पंचवीसपटींहून जास्त.

ही उष्णता येते भरती-ओहोटीतून. पाण्याच्या नव्हे, दगडाच्या.

इथे थोडं थांबायला हवं, कारण बहुतेक ठिकाणी ही गोष्ट अर्धीच सांगतात: ‘गुरूच्या प्रचंड गुरुत्वाकर्षणामुळे आयो तापतो.’ नुसत्या ओढीने काहीही तापत नाही. खुंटीला अडकवलेली जड पिशवी वर्षभर लोंबकळली तरी खुंटी गरम होत नाही. आयो गुरूकडे कायम एकच तोंड करून फिरतो. गुरूच्या ओढीने तो ताणलाही गेला आहे: गुरूच्या दिशेने त्याचा व्यास सुमारे ३,६६० किमी, तर ध्रुवापासून ध्रुवापर्यंत सुमारे ३,६३० किमी. पण कक्षा नेमकी वर्तुळ असती, तर हा फुगवटा जागच्या जागी गोठून राहिला असता आणि आयो चंद्रासारखाच मेला असता.

कक्षा मात्र किंचित लंबवर्तुळाकार आहे. गुरूपासूनचं सरासरी अंतर ४,२१,७०० किमी. ते प्रत्येक फेरीत सुमारे ३,४०० किमींनी कमी-जास्त होतं, म्हणजे शेकडा एकालाही थोडं कमीच. पण ताणणारा जोर अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो, त्यामुळे हा फरक तिप्पट होऊन जवळपास अडीच टक्क्यांवर जातो. शिवाय कक्षेतला वेग बदलतो आणि स्वतःभोवती फिरण्याचा वेग बदलत नाही, म्हणून गुरू आयोच्या आकाशात एका जागी न राहता अर्धा-अर्धा अंश इकडेतिकडे झुलतो. फुगवटा उंच-ठेंगणा होतो आणि डावी-उजवीकडे सरकतो. परिणाम असा की दर साडेबेचाळीस तासांनी आयोची कठीण जमीन सुमारे १०० मीटर वर-खाली होते.

हे घरी करून पाहायचं असेल तर जाड बाइंडिंग तारेचा तुकडा घ्या आणि एकाच जागी वीस-पंचवीस वेळा पुढे-मागे वाकवा. वाकलेल्या जागी बोट लावताच चटका बसेल. काही शिक्षक यासाठी रबर बँड ताणून दाखवतात. तो प्रयोग इथे चालत नाही. रबर ताणताना तापतं, पण सोडल्यावर जवळपास तेवढंच थंड होतं, उष्णता परत गिळतं. तार गिळत नाही, कारण तिच्या आतले स्फटिक एकमेकांवर घासून सरकतात आणि मूळ जागी येत नाहीत. आयोचा अर्धवट मऊ दगड तारेच्या जातीचा आहे.

आता खरा पेच. दगड असा कणकेसारखा मळला जाताना ऊर्जा खर्च होते आणि त्या खर्चाने कक्षा हळूहळू गोल होत जाते. कक्षा गोल झाली की मळणं थांबलं. मग साडेचार अब्ज वर्षांत ती गोल का झाली नाही?

कारण आयो एकटा नाही. युरोपा आणि गॅनिमिड हे गुरूचे आणखी दोन उपग्रह त्याच्या बाहेरून फिरतात. युरोपा एक फेरी मारतो तेवढ्यात आयोच्या दोन होतात. गॅनिमिडच्या एका फेरीत युरोपाच्या दोन आणि आयोच्या चार. त्यामुळे आयो युरोपाला मागे टाकतो ती जागा दर वेळी तीच असते: आयो गुरूच्या सर्वात जवळ, युरोपा सर्वात दूर. झोक्याला नेमक्या त्याच क्षणी हलकासा धक्का मिळत राहिला की झोका थांबत नाही, तसं हे धक्के आयोची कक्षा गोल होऊ देत नाहीत. गणित पुढे असं आहे: उष्णता कक्षेच्या चपटेपणाच्या वर्गावर आणि फेरीच्या गतीच्या पाचव्या घातावर अवलंबून असते. चपटेपणा दुप्पट केला तर उष्णता चौपट. फेरीचा काळ निम्मा केला तर बत्तीसपट. आतला दगड जितका तापून मऊ होतो तितका जास्त मळला जातो. पण अगदी पातळ झाला तर घर्षणच उरत नाही आणि तापणं पुन्हा उतरतं. तेव्हा आयो कुठेतरी मधल्या, घट्ट लापशीसारख्या अवस्थेवर टिकून असणार. जूनो यानाने डिसेंबर २०२३ आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये आयोजवळून, सुमारे १,५०० किमींवरून जाताना त्याचं गुरुत्व मोजलं. कवचाखाली सगळीकडे पसरलेला उथळ शिलारसाचा समुद्र असता तर आयो जेवढा लवचिक दिसला असता, तेवढा तो निघाला नाही.

आणि या सगळ्याचं बिल कोण भरतो? गुरू. तो दहा तासांच्या आत स्वतःभोवती फिरतो, आयोने त्याच्यावर उठवलेला फुगवटा पुढे ओढून नेतो, आणि तो फुगवटा आयोला पुढे खेचतो. मिळालेल्या ऊर्जेतला वाटा आयो युरोपाला आणि गॅनिमिडला देतो, बाकीची लाव्ह्यात जाते. गुरूचं फिरणं त्यामुळे कणाकणाने मंदावतं. (हा परिच्छेद डोक्यावरून गेला असेल तर झोक्यापर्यंतचं लक्षात ठेवा, पुढचं अडणार नाही.)

या यंत्रणेची गणितं मांडून स्टॅन्टन पील, पॅट्रिक कॅसन आणि रे रेनॉल्ड्स यांनी आयोवर ज्वालामुखी असू शकतात असं भाकीत छापलं ते २ मार्च १९७९ला. तीन दिवसांनी व्हॉयेजर-१ तिथून गेलं. ८ मार्चला यानाची दिशा ठरवण्यासाठी घेतलेलं छायाचित्र तपासताना लिंडा मोराबितो यांना आयोच्या कडेला छत्रीसारखा ढग दिसला. भाकीत इतक्या झटपट खरं होणं विज्ञानात दुर्मीळ.

जाता जाता: ‘अमुक तारखेला ग्रह एका रेषेत, भूकंप होणार’ असे संदेश मोबाइलवर फिरतात, त्यांना याच गणिताने उत्तर देता येतं. ग्रहांपैकी सगळ्यात जास्त भरती शुक्र आणू शकतो, आणि तोही अगदी जवळ आल्यावर चंद्राच्या जवळपास वीस हजाराव्या भागाइतकीच. गंमत म्हणजे आयो, युरोपा आणि गॅनिमिड हे तिघं तर गुरूच्या एकाच बाजूला एका रेषेत कधीच येत नाहीत. त्यांचं कुलूपच तसं बसलं आहे.

तर आता उतरू या. आयोवर पहिली अडचण लाव्ह्याची नाही. गुरूच्या चुंबकीय क्षेत्रात अडकलेल्या कणांमुळे तिथे दिवसाला सुमारे ३,६०० रेम, म्हणजे ३६ सिव्हर्ट प्रारण मिळतं. पाच सिव्हर्ट एकदम मिळाले तर उपचारांशिवाय निम्मी माणसं वाचत नाहीत. तेवढे साधारण सव्वातीन तासांत होतात. पंथांची ओळखपाळख होईपर्यंत पाहुणे आजारी पडलेले असतील.

दुसरी अडचण थंडीची. लाव्हा १,२०० अंशांच्या वर, पण त्याच्यापासून दूर जमीन उणे १४८ अंशांच्या आसपास आणि तिच्यावर सल्फर डायऑक्साइडचा बर्फ. हवा म्हणजे याच बर्फाची वाफ, आपल्या हवेच्या सुमारे एक अब्जांश दाबाची. आयो गुरूच्या सावलीत शिरला की दोनेक तास तापमान उणे १६८ पर्यंत उतरतं आणि ती उरलीसुरली हवाही जमिनीवर गोठते.

तिसरी, पाय कुठे ठेवायचा. लाव्ह्यावर काही मिनिटांत काळी साय धरते. दगड उष्णतेचा वाईट वाहक असल्याने वरून काळं दिसणारं हातभर खाली लालभडक असू शकतं; रंगावर विश्वास ठेवू नये. सगळ्यात धोक्याची जागा प्रवाहाचं टोक. तिथे तापलेला दगड बर्फावर चढतो आणि बर्फाची एकदम वाफ होऊन फवारा उडतो. आयोवरच्या प्रॉमिथिअस ज्वालामुखीचा ढग असाच बनतो. म्हणून व्हॉयेजरच्या आणि नंतरच्या गॅलिलिओ यानाच्या छायाचित्रांत मिळून तो ढग सुमारे ८० किमी सरकलेला दिसतो. ज्वालामुखी चालत गेला नाही, प्रवाहाचं टोक पुढे गेलं. आणि कथेतला खलनायक लाव्ह्यात ‘बुडतो’ तेही चूक: वितळलेला बेसॉल्ट (लाव्ह्याचा नेहमीचा काळा दगड) पाण्याच्या अडीचपटींहून जड असतो. माणूस त्यावर तरंगेल. जळेल, पण बुडणार नाही.

धर्माचं म्हणाल तर आयोवरून भांडण होऊनही गेलं आहे, फक्त ते तिथे झालं नाही. जानेवारी १६१० मध्ये गॅलिलिओने गुरूभोवती फिरणारे चार ठिपके पाहिले, त्यातला एक आयो. सगळं काही पृथ्वीभोवती फिरत नाही याचा तो डोळ्यांना दिसणारा पुरावा होता. १६३३ मध्ये धर्मन्यायालयाने त्याच्याकडून पृथ्वी फिरते हे मत सोडल्याचं वदवून घेतलं. आज आयोच्या ज्वालामुखींना अग्नी, सूर्य आणि वीज यांच्या दैवतांची नावं द्यायचा नियम आहे, त्यामुळे हवाईची पेले, नॉर्स लोकी, बाबिलोनचा मार्डुक आणि आपल्या वेदांतला त्वष्टा तिथे शेजारी नांदतात. २००७ मध्ये न्यू होरायझन्स यानाने त्वष्टाचा सुमारे ३३० किमी उंच ढग टिपला. यावरून ‘वेदांना आयो ठाऊक होता’ असं कुणी सांगू लागलं तर त्यांना हा नावांचा नियम सांगावा.

मग लोक राहू शकतील असा ज्वालामुखीग्रह हवाच असेल तर? तो आयोसारखा नको, नागपूरसारखा हवा. ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे दख्खनचे लाव्हाथर आपल्या शहराच्या पश्चिमेला येऊन संपतात. बर्डीची टेकडी त्याच काळ्या पाषाणाची. पूर्वेकडे गेलं की ग्नाइस नावाचा जुना, पट्ट्यापट्ट्यांचा खडक लागतो. स्टीफन हिस्लॉप, ज्यांच्या नावाचं महाविद्यालय आपल्याकडे आहे, ते पेशाने मिशनरी. नागपूरजवळच्या टाकळीला दोन लाव्हाथरांच्या मध्ये सापडलेल्या मातीत त्यांना गोड्या पाण्यातल्या गोगलगायींची कवचं, बिया, फळं मिळाली. याचा अर्थ एक प्रवाह थंड झाला, त्यावर तळं साचलं, झाडं आली, आणि मग दुसरा प्रवाह आला. मधली शांतता तळं वसण्याइतकी लांब होती. वस्ती, शेती आणि देवळं अशाच मधल्या काळात उभी राहू शकतात.

आणि भांडणाचं कारण? ते लोकीकडून उसनं घ्यावं. लोकी पाटेरा हे सुमारे २०० किमी रुंद लाव्ह्याचं तळं. वरची साय जाड होत जाते. सुरुवातीला बुडबुड्यांमुळे ती तरंगते, पण खालून चिकटणारा दगड घट्ट असतो. सरासरी घनता लाव्ह्यापेक्षा वाढली की ती एका काठापासून बुडू लागते आणि ताज्या लाव्ह्याची आघाडी दिवसाला साधारण एक किलोमीटर वेगाने तळं ओलांडते. पृथ्वीवरून पाहताना लोकी उजळतो तो यामुळे. १९९०च्या दशकात हे उजळणं सुमारे ५४० दिवसांनी येत असे. २०१३ नंतर ते सुमारे ४७५ दिवसांनी येऊ लागलं. सायीतल्या बुडबुड्यांचं प्रमाण जरासं बदललं तरी एवढा फरक पडू शकतो.

अशा तळ्याकाठी पंचांग धरून बसलेला पुजारी दहा वर्षं अचूक ठरेल आणि मग एके वर्षी आग दोन महिने आधी येईल. तिथून दोन पंथ निघतील: एक ५४० धरणारा, एक ४७५. पाहुण्यांना कुणाची बाजू घ्यायची गरज नाही. सायीला भोक पाडून तिची जाडी आणि बुडबुडे मोजले की पुढची तारीख निघते. आणि तारीख चुकली तरी दिवसाला एक किलोमीटर येणाऱ्या आगीपुढून चालत निघून जाता येतं.